शेजारच्या घरचे विरजण: युरोपातील शहरे एकमेकांकडून कशी शिकतात आणि रहिवाशांना कामात कशी घेतात

'अभ्यासदौरा' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकाला चांगलाच परिचयाचा आहे. एखाद्या पालिकेचे पदाधिकारी परदेशी शहर पाहायला निघाले की बातमी येते, खर्चाचा आकडा येतो, आणि परत आल्यावर नेमके काय बदलले हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. त्यामुळे एक शहर दुसऱ्या शहराकडून शिकते, असे कोणी म्हटले की ते आपल्याला कागदावरचे वाटते. युरोपात मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शिकण्याची एक रीत बसली आहे. तिच्यासाठी वेगळा निधी आहे, ठरलेली मुदत आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात अधिकाऱ्यांइतकीच त्या गावात राहणाऱ्या माणसांना जागा ठेवलेली आहे. ही रीत कशी चालते, कुठे फळते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायचे तर सुरुवात एका लहान गावातील शाळेच्या जेवणापासून केलेली बरी.

हजार ताटे आणि उरलेले अन्न

म्वाँ-सार्तू हे फ्रान्सच्या दक्षिणेला, अत्तरांसाठी नावाजलेले ग्रास आणि चित्रपट महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेले कान या दोन शहरांच्या मध्ये वसलेले, सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेतील दुपारच्या जेवणाची व्यवस्था नगरपालिकेकडे असते, म्हणून मुलांच्या ताटात काय पडते हा तिथे थेट नगरपालिकेच्या कारभाराचा विषय आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गुरांच्या 'मॅड काउ' रोगाने युरोपभर धास्ती पसरली, तेव्हा या गावाने शाळांसाठी सेंद्रिय पद्धतीने वाढवलेल्या गुरांचे मांस घ्यायला सुरुवात केली. मांस सेंद्रिय आणि भाजी मात्र फवारणीची, असे का, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. २००८ च्या सुमारास सगळेच जेवण सेंद्रिय करण्याचे ठरले आणि २०१२ पासून तिथल्या शाळांत रोज वाढली जाणारी सुमारे हजार ताटे पूर्णपणे सेंद्रिय असतात.

ठरवणे सोपे होते, भाजी मिळवणे अवघड गेले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सार्वजनिक खरेदीच्या निविदेत 'माल आमच्याच परिसरातला हवा' अशी अट घालता येत नाही, कारण ती इतर ठिकाणच्या विक्रेत्यांवर अन्याय करणारी ठरते. परिणामी सेंद्रिय भाजी मिळाली तरी ती लांबून येणार, हे उघड होते. नगरपालिकेच्या ताब्यात २००५ साली आलेली सुमारे चार हेक्टर जमीन होती. तिथे इमारती उभ्या राहू नयेत म्हणूनच ती घेतलेली होती. त्या जमिनीवर २०११ साली नगरपालिकेने स्वतःची शेती सुरू केली आणि शेतकरी चक्क पगारी कर्मचारी म्हणून नेमला. आपल्याकडे पालिकेत सफाई कामगार असतात, वायरमन असतात, माळी असतात. तसा तिथे शेतकरी आहे. शाळांना लागणारी बहुतेक भाजी आज याच शेतातून येते. २०१२ मध्ये गावाच्या विकास आराखड्यात शेतीसाठी राखलेली जमीन ४० हेक्टरांवरून ११२ हेक्टरांवर नेण्यात आली.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण सेंद्रिय माल महाग पडतो. त्याचे उत्तर ताटात उरलेल्या अन्नात सापडले. मुलाला वाढण्यापूर्वी 'थोडी भूक आहे की जास्त?' असे विचारायचे आणि त्याप्रमाणे लहान किंवा मोठा वाढा द्यायचा. जेवण झाल्यावर मुलांनी उरलेले अन्न प्रकारानुसार वेगवेगळ्या भांड्यांत टाकायचे. ती भांडी वजन करून आकडा लिहून ठेवायचा. कोणत्या दिवशी काय उरते हे असे कळत गेले आणि स्वयंपाकघराने त्याप्रमाणे प्रमाण बदलले. वाया जाणारे अन्न सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले आणि एका ताटामागचा कच्च्या मालाचा खर्च दोन युरोंच्या आसपासच राहिला. या साऱ्या हकिगतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वजन करण्याची गोष्ट. तिला जमीन लागत नाही, निविदा लागत नाही आणि शहाणपणाचा आव आणावा लागत नाही. एक वजनकाटा आणि रोजची नोंद एवढेच लागते.

विरजण आणता येते, दूध नाही

आता समजा, दुसऱ्या एखाद्या गावाला हेच करायचे आहे. त्याने नेमके काय उचलायचे? शेजारणीकडून विरजण आणताना आपण तिच्या घरचे दही आणत नसतो. चमचाभर विरजण आणतो. दूध आपलेच असते, ते किती कोमट हवे हे आपल्या घरातल्या हवेवर ठरते, आणि थंडीच्या दिवसांत भांडे उबदार कापडात गुंडाळून ठेवावे लागते. दही लागले नाही तर दोष विरजणाचा होता की दुधाचा, हेही आपल्यालाच शोधावे लागते. शहरांच्या शिकण्याचे अगदी असेच आहे.

२०१८ ते २०२१ या काळात म्वाँ-सार्तूबरोबर सहा ठिकाणे या कामासाठी जोडली गेली: ग्रीसमधील त्रिकाला, पोर्तुगालमधील तोरिश व्हेद्राश, बल्गेरियातील त्रोयान, रोमानियातील वास्लुई, इटलीतील रोसिन्यानो मारित्तिमो आणि बेल्जियममधील कोंद्रूझ हा ग्रामीण परिसर. या सहांपैकी कोणाचेही दूध म्वाँ-सार्तूसारखे नव्हते. ज्या गावाकडे स्वतःची जमीन नाही त्याला पालिकेच्या शेतापासून सुरुवात करता येणार नाही. जिथे जेवण ठेकेदार बनवतो तिथे आधी ठेक्याच्या अटी बदलाव्या लागतील, आणि जिथे शाळेचा आहार वरच्या सरकारने ठरवून दिलेला असतो तिथे गावाच्या हातात फारच थोडे उरते. म्हणून या कामात मूळ उदाहरणाचे आधी तुकडे पाडतात: शेती वेगळी, खरेदी वेगळी, नासाडी कमी करणे वेगळे, मुलांना अन्नाविषयी शिकवणे वेगळे. मग प्रत्येक गाव आपल्याला पेलतील ते तुकडे घेते.

ही व्यवस्था चालवते कोण?

गावांच्या या गटामागे जो कार्यक्रम होता त्याचे नाव 'अर्बॅक्ट' असे आहे. युरोपीय संघाने तो २००२ मध्ये सुरू केला आणि त्याचा बराचसा पैसा युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून येतो. उरलेला वाटा सहभागी शहरे स्वतः उचलतात. हा पैसा रस्ते, पूल किंवा इमारती बांधण्यासाठी नसतो. तो मुख्यतः शिकण्यासाठी आणि नियोजनासाठी असतो, म्हणजे भेटी, बैठका, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि फार तर एखादी छोटी चाचणी. प्रत्यक्ष बांधकामासाठी शहराला वेगळा निधी उभा करावा लागतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर 'एवढे कोटी युरो खर्चून काय उभे राहिले?' असा चुकीचा प्रश्न विचारला जातो.

कामाची पद्धत थोडक्यात अशी. साधारण आठ-दहा शहरे एका विषयावर एकत्र येतात. अशा गटाला 'जाळे' म्हणतात. त्यातले एक शहर पुढाकार घेते, सोबत एक अनुभवी तज्ज्ञ असतो, आणि दोन-अडीच वर्षे ही मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या शहरात जातात. प्रत्येक शहराने आपापल्या गावी एक 'स्थानिक गट' स्थापन करणे बंधनकारक असते. शाळेच्या जेवणाचा विषय असेल तर या गटात पालिकेचा अधिकारी असतोच, पण स्वयंपाकघरातील आचारी, पालक, शिक्षक, आसपासचे शेतकरी आणि आहारतज्ज्ञ यांनाही बसवता येते. बाहेर जाऊन पाहिलेले या गटासमोर मांडायचे, गटाने आपल्या गावाच्या मापाने ते तपासायचे आणि शेवटी 'कृती आराखडा' लिहायचा: काय करणार, कोण करणार, पैसा कुठून येणार, केव्हापर्यंत.

अनुकरण करण्याजोगी उदाहरणे निवडण्याचेही काम हा कार्यक्रम करतो. २०१७ मध्ये त्याने अशी ९७ उदाहरणे निवडली आणि २०२४ मध्ये आणखी ११६. निवडीचा शिक्का मिळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नसते. ज्या शहराला शिकवायचे असते त्यालाही आपली पद्धत पुन्हा उलगडून पाहावी लागते, कारण वर्षानुवर्षे सवयीने केलेली गोष्ट दुसऱ्याला सांगताना कुठे अडते हे तेव्हाच कळते. पाहुण्याने स्वयंपाकघरात उभे राहून 'मीठ किती?' असे विचारले की 'अंदाजाने' एवढे उत्तर पुरत नाही.

शहरांची मैत्री ही युरोपात नवी गोष्ट नव्हे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री आणि रशियातील स्टॅलिनग्राड या बेचिराख झालेल्या शहरांनी एकमेकांशी नाते जोडले होते. १९८६ मध्ये बार्सिलोना, बर्मिंगहॅम, फ्रँकफर्ट, लियों, मिलान आणि रोटरडॅम या सहा शहरांनी 'युरोसिटीज' ही संघटना उभी केली. पण मैत्रीपत्रावर सह्या करणे आणि एकमेकांची कामाची वही उघडून पाहणे यांत अंतर आहे. ते अंतर स्थानिक गटाने कमी केले, असे मला वाटते. दौऱ्यावर गेलेला माणूस परत आल्यावर कोणाला उत्तर देणार, हे तिथे आधीच ठरलेले असते.

चौकातला बाक कोणाचा?

रहिवाशांना कामात घेणे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतील बोलोन्या शहरात घडले. तिथल्या कार्दुच्ची चौकातील काही महिलांना चौकात बसायला बाक हवे होते. बाक त्या स्वतः ठेवणार होत्या, पालिकेकडे पैसे मागत नव्हत्या. तरीही परवानगी कोण देणार हे ठरेना, कारण जागा एका खात्याची, झाडे दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा, आणि नागरिकाने सार्वजनिक जागेला काही द्यावे यासाठी नियमच नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी सोसायटीसमोरच्या पदपथावर झाड लावण्याची परवानगी काढून पाहिली असेल त्यांना ही अडचण सविस्तर सांगायला नको.

या अडचणीतून बोलोन्याने २०१४ मध्ये एक नियमावली केली. तिचा आधार इटलीच्या राज्यघटनेत होता. २००१ साली घटनेच्या ११८ व्या कलमात भर घातली गेली, आणि सर्वांच्या हिताचे काम नागरिक आपणहून करत असतील तर शासनसंस्थांनी त्याला पाठबळ द्यावे, असे तत्त्व तिथे आले. त्या तत्त्वाला बोलोन्याने रोजच्या वापरातले रूप दिले, त्याचे नाव 'सहकार्य करार'. कोणीही रहिवासी, एकटा किंवा शेजाऱ्यांसह, एखाद्या बागेची, भिंतीची, चौकाची किंवा पडीक इमारतीची देखभाल करण्याचा प्रस्ताव देऊ शकतो. करारात जागा कोणती, मुदत किती, रहिवासी काय करणार आणि पालिका काय देणार, मग ते रंग असोत, अवजारे असोत किंवा मार्गदर्शन, हे लिहिलेले असते. पाहता पाहता इटलीतील शेकडो पालिकांनी ही नियमावली आपापल्या बदलांसह स्वीकारली.

इथे एक रास्त आक्षेप येतो: पालिका आपलेच काम लोकांच्या गळ्यात मारत नाही का? कर भरणाऱ्याने वर झाडूही हातात घ्यायचा, हा कुठला न्याय? हा धोका खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बाक रंगवणे आणि गटार दुरुस्त करणे यांत फरक केला गेला नाही, तर सहकार्याच्या नावाखाली जबाबदारी ढकलली जाईल. म्हणूनच लेखी कराराला महत्त्व आहे. पालिकेकडे काय राहते ते त्यात नोंदवलेले असते आणि ती मागे हटली तर दाखवायला कागद असतो.

नेपल्स शहर याच्या एक पाऊल पुढे गेले. तिथल्या जुन्या शहरात, एकेकाळी अनाथाश्रम म्हणून वापरात असलेल्या एका मोठ्या वास्तूत २०१२ मध्ये कलावंत आणि नाट्यकर्मी शिरले. ते तिथेच राहिले आणि वास्तू सर्वांसाठी खुली कशी ठेवायची याचे नियम त्यांनी खुल्या सभांतून स्वतः लिहिले. त्यासाठी त्यांनी इटलीतील एका जुन्या कायदेशीर कल्पनेचा आधार घेतला: गावकऱ्यांचा सामायिक जमिनीवर गुरे चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा हक्क. आपल्याकडे गायरान म्हणतात, तेच हे. गायरान जसे कोणा एकाचे नसते पण वापरायचे नियम असतात, तशी शहरातील इमारतही असू शकते, हे नेपल्सच्या पालिकेने २०१५ मध्ये ठरावाने मान्य केले. पुढे नेपल्सच्या पुढाकाराने अर्बॅक्टचे एक जाळे झाले आणि त्यात बार्सिलोना, ॲमस्टरडॅम, गेंट, ग्दान्स्क, याश आणि प्रेशोव ही शहरे आली. गेंटने तोच विचार आपल्याकडील सेंट जोसेफ चर्चच्या वास्तूला लावून पाहिला. बेल्जियमच्या कायद्यात इटलीसारखे गायरान नव्हते, तेव्हा तिथे करार आणि वाटाघाटींचा रस्ता शोधावा लागला.

अंदाजपत्रकाचा एक कोपरा लोकांच्या हाती

'सहभागी अंदाजपत्रक' म्हणजे पालिकेच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा कुठे वापरायचा हे रहिवाशांनी सुचवणे आणि मतदानाने ठरवणे. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा आठवावी. दुरुस्ती निधीतून आधी गच्चीची गळती काढायची की लिफ्ट बदलायची, यावर सभासद वाद घालतात आणि हात वर करून निर्णय घेतात. हेच शहराच्या पातळीवर.

ही कल्पना मुळात युरोपातली नाही. ती ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाली. तिथून ती युरोपात गेली: लिस्बनने २००८ पासून ती राबवली, पोलंडमधील सोपोत या समुद्रकाठच्या लहान शहराने २०११ मध्ये, आणि पॅरिसने २०१४ मध्ये. पॅरिसने २०२० पर्यंतच्या गुंतवणुकीच्या अंदाजपत्रकातील ५ टक्के, म्हणजे जवळजवळ ५० कोटी युरो, यासाठी बाजूला काढले. मतदानासाठी राष्ट्रीयत्वाची अट ठेवली नाही. त्या शहरात राहणे पुरेसे होते. पहिल्या वर्षी प्रकल्पांची यादी पालिकेने स्वतः दिली आणि लोकांनी फक्त निवड केली. दुसऱ्या वर्षापासून सुचवण्याचा अधिकारही लोकांकडे आला. पोलंडमध्ये सोपोतचे अनुकरण इतक्या झपाट्याने झाले, की २०१८ च्या कायद्याने जिल्ह्याचा दर्जा असलेल्या सर्व शहरांना खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम अशा प्रकारे वापरणे सक्तीचे केले.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही, कारण पुणे महापालिकेने २००६ मध्येच नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे लिस्बनच्याही आधी. पुण्यातील पद्धतीत लोक सुचवतात. निवड शहरव्यापी मतदानाने होत नाही. हा फरक बारीक दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. लोकांना माहिती देणे, त्यांचे मत विचारणे, त्यांच्याबरोबर ठरवणे आणि त्यांच्यावर सोपवणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'लोकसहभाग' हा एकच शब्द चारही ठिकाणी वापरला जातो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. अशी कोणतीही बातमी वाचताना मी तरी आधी एवढेच शोधतो, की शेवटचा शब्द कोणाचा आहे.

'पण सभेला येतात ती तीच ती माणसे'

हा आक्षेप युरोपातही तितकाच ऐकू येतो. निवृत्त, सुशिक्षित, बोलायला सराईत असलेली माणसे सभेला येतात. दोन पाळ्यांत काम करणारी आई येत नाही, भाड्याने राहणारा विद्यार्थी येत नाही, नुकताच आलेला स्थलांतरित तर नाहीच. पॅरिसने यावर एक उपाय केला: अंदाजपत्रकाच्या या हिश्शातील काही रक्कम कष्टकरी वस्त्यांसाठी राखून ठेवली, म्हणजे मतांच्या शर्यतीत त्या मागे पडल्या तरी पैसा तिथे पोहोचेल.

दुसरा उपाय सोडतीचा आहे. आपल्याकडे पालिका निवडणुकीच्या आधी प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते. तशी इथे माणसांचीच सोडत निघते. पोलंडमधील ग्दान्स्क शहरात जुलै २०१६ मध्ये एका रात्रीत महिन्याभराच्या सरासरीहून अधिक पाऊस कोसळला आणि शहर पाण्याखाली गेले. तेव्हाचे महापौर पावेल अदामोविच यांनी पुराला कसे तोंड द्यायचे हे ठरवण्यासाठी 'नागरिक मंडळ' बोलावले. सुमारे साठ रहिवासी सोडतीने निवडले गेले, पण वय, स्त्री-पुरुष, शिक्षण आणि राहण्याचा भाग यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येशी जुळेल अशा बेताने. आठवड्याअखेरीच्या बैठकांत त्यांनी जलतज्ज्ञांना ऐकले, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, आपसांत चर्चा केली आणि मग शिफारशींवर मत दिले. ज्या शिफारशीला ८० टक्के सदस्यांचा पाठिंबा मिळेल ती अमलात आणण्याचे वचन महापौरांनी आधीच दिलेले होते. दोन वर्षांनी लुब्लिन शहराने हवेच्या प्रदूषणासाठी असेच मंडळ बोलावले. विषय बदलला, सोडतीची रीत तीच राहिली.

या पद्धतीत मला आश्वासक वाटते ते असे, की पुराच्या पाण्याचा निचरा हा विषय सामान्य माणसाला कळणार नाही, असे गृहीत धरले गेले नाही. त्याला कळावे म्हणून वेळ दिला गेला.

'लोकांना विचारत बसले तर कामे कधी होणार?'

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहराने १९७७ साली मध्यवर्ती भागाचे चार विभाग केले. मोटारीला एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येणार नाही. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरायचे. पायी आणि सायकलने मात्र सगळीकडे थेट जाता येईल. दुकानदारांनी कडाडून विरोध केला, तरी योजना जवळजवळ एका रात्रीत लागू झाली. आज ग्रोनिंगेनची गणना जगातील आघाडीच्या सायकलींच्या शहरांत होते. म्हणजे न विचारताही चांगले घडू शकते, असे कोणी म्हणाले तर इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देईल, हे मान्य करायला हवे.

चाळीस वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, बेल्जियमच्या गेंट शहराने तीच कल्पना आपल्या मापाने बेतून घेतली: मध्यभागी मोटारमुक्त क्षेत्र आणि भोवती सहा विभाग. इथेही विरोध तीव्र होता. वाहतूक खात्याचे उपमहापौर फिलिप वाटेव यांना धमक्या आल्या. पण गेंटमध्ये एक तयारी आधीपासून चालू होती. २०१३ पासून तिथे उन्हाळ्यात काही गल्ल्या दोन-एक महिने मोटारींसाठी बंद ठेवून रहिवाशांच्या हवाली केल्या जात. हिरवळीचे गालिचे अंथरले जात, टेबले बाहेर येत, मुले रस्त्यावर खेळत. मात्र त्याआधी गल्लीतील लोकांना घरोघर जाऊन गाड्या कुठे लावायच्या, अग्निशमनाची गाडी कशी येणार, म्हाताऱ्या शेजाऱ्याला दारापर्यंत कसे सोडायचे, हे आपसांत मिटवावे लागे. गणपतीचा मांडव घालताना गल्लीत जी बोलणी होतात, जवळजवळ तीच. मोटार नसलेला रस्ता कसा दिसतो, हे अनेक गेंटवासीयांनी आपल्या दारात अनुभवलेले होते, आणि मोठ्या योजनेच्या वेळी ते कामी आले असणार असे मी मानतो. योजना लागू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी गर्दीच्या वेळच्या मोटारी सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या आणि सायकली सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. २०१८ च्या निवडणुकीनंतरही वाहतूक खाते वाटेव यांच्याकडेच राहिले.

'आमचे शहर वेगळे आहे'

वेगळे आहेच, आणि शिकणाऱ्या शहराने ते आधी मान्य केले तर काम सोपे होते. माद्रिदने २०१५ मध्ये नागरिकांचे प्रस्ताव, चर्चा आणि मतदान यांसाठी एक संगणकीय व्यवस्था उभारली आणि तिची संहिता, म्हणजे ती ज्या आज्ञावलीवर चालते ती, सर्वांसाठी मोफत खुली ठेवली. बार्सिलोनाने २०१६ मध्ये तीच उचलून सुरुवात केली. वापरता वापरता लक्षात आले, की आपल्याला वस्तीतल्या प्रत्यक्ष सभा आणि संगणकावरील चर्चा एकमेकींना जोडायच्या आहेत आणि आणलेली रचना त्याला अपुरी पडते. मग बार्सिलोनाने स्वतःची व्यवस्था नव्याने लिहिली आणि तिला 'देसिदिम' हे नाव दिले; कॅटलान भाषेत त्याचा अर्थ 'आपण ठरवतो'. तीही खुली ठेवली गेली आणि आज हेलसिंकी आपल्या सहभागी अंदाजपत्रकासाठी ती वापरते. माद्रिदचे उदाहरण समोर नसते तर बार्सिलोनाला आपल्याला काय नको आहे, हेही इतक्या लवकर कळले नसते.

सत्ता बदलली की काय होते?

या साऱ्या रचनेतील सर्वांत कच्चा दुवा हा आहे. सहभागाची पद्धत बहुधा एखादा महापौर किंवा पक्ष सुरू करतो आणि तो गेला की तिची रया जाते. पोलंडने कायदा करून यावर उत्तर शोधले, पण कायद्यामुळे जिवंत प्रक्रिया निव्वळ सोपस्कार होऊन बसण्याची भीतीही असतेच. बोलोन्याची नियमावली, नेपल्सचा ठराव, म्वाँ-सार्तूच्या विकास आराखड्यात राखलेली शेतजमीन, हे सगळे चांगल्या कामाला माणसांपेक्षा लांब आयुष्य देण्याचे प्रयत्न आहेत.

खुद्द पोर्तो अलेग्रेमध्ये २०१७ साली, म्हणजे सुरुवातीनंतर २८ वर्षांनी, नव्या महापौरांच्या कारकिर्दीत सहभागी अंदाजपत्रकाची प्रक्रिया थांबवण्यात आली. त्या वेळी लिस्बन, पॅरिस आणि पोलंडमधील कितीतरी शहरांत ती चालू होती. घरचे विरजण बिघडले की आपण ज्या शेजारणीला कधी काळी ते दिले होते, तिच्याच दारी वाटी घेऊन जातो.